प्रेताजवळ कोण गेलं? माश्या, अळ्या आणि खुनाच्या तपासाचा इतिहास

कुजलेल्या प्रेताच्या पंचनाम्याला एकदा उभा राहिलेला कार्यकर्ता ते दृश्य विसरत नाही. आमच्यापैकी काहींनी ते एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे. नाल्याच्या काठी, उसाच्या फडात किंवा पडक्या विहिरीजवळ चार-पाच दिवसांचं प्रेत. साहेब नाकाला रुमाल लावून वीस पावलांवर, वाऱ्याकडे पाठ करून उभे. पंच म्हणून धरून आणलेली माणसं त्यांच्याही मागे. आणि प्रेताजवळ एकटाच माणूस, थोडे पैसे आणि एक क्वार्टर कबूल करून बोलावलेला सफाई कामगार. तो कोणत्या समाजाचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. तो प्रेत कुशीवर करतो, काय दिसतं ते ओरडून सांगतो, साहेब लिहून घेतात. "प्रेत कुजलेल्या अवस्थेत असून अळ्या पडलेल्या आहेत." मग बादलीभर पाणी ओतून अळ्या धुऊन टाकल्या जातात आणि गाडी निघते.

धुऊन टाकलेल्या त्या अळ्यांबद्दल हा लेख आहे. त्या अळ्या म्हणजे घाण नव्हे, पुरावा आहे. माणूस कधी मेला, कुठे मेला, कधीकधी कशाने मेला, हे सांगणारा पुरावा. आपल्या प्रकरणांत साक्षीदार फितूर होतात, वैद्यकीय अहवाल मोघम निघतात, आरोपी "मी त्या दिवशी गावातच नव्हतो" म्हणून सुटतात. अशा वेळी मृत्यूची वेळ नक्की ठरणं हा अर्धा खटला असतो. म्हणून हे शास्त्र कसं घडलं आणि आपल्याकडे का घडलं नाही, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवं असं आम्हाला वाटतं.

या इतिहासातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत प्रसिद्ध प्रकरण चीनमधलं आहे. सोंग त्सु नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली प्रेततपासणीवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'अन्याय धुऊन काढणे' असा होतो. त्यात एका शेतकऱ्याच्या खुनाची हकीकत आहे. रस्त्याकडेला प्रेत पडलेलं, अंगावर विळ्याचे दहाहून जास्त वार. लोक म्हणाले, दरोडेखोरांनी मारलं. तपासणी अधिकाऱ्याने पाहिलं, तर अंगावरच्या वस्तू जागच्या जागी. लुटारू इतके वार कशाला करील? हा दावा साधणाऱ्याचा हात आहे. त्याने बायकोला विचारलं, नवऱ्याचं कोणाशी वैर होतं का. ती म्हणाली, वैर नाही, पण एकाशी पैशाच्या देण्याघेण्यावरून बोलाचाली झाली होती.

अधिकाऱ्याने त्या वस्तीतल्या सगळ्यांना आपापले विळे आणून जमिनीवर मांडायला सांगितलं. लपवील तो खुनी समजला जाईल, अशी दवंडी. सत्तर-ऐंशी विळे मांडले गेले. उन्हाळ्याचे दिवस. थोड्या वेळाने माश्या आल्या आणि एकाच विळ्यावर बसू लागल्या. विळा पुसलेला होता, पण रक्ताचा वास माशीला पुरला. मालक आधी नाही म्हणाला. अधिकारी म्हणाला, बाकीच्या विळ्यांवर माशी का नाही? तेव्हा तो माणूस जमिनीवर डोकं टेकून कबूल झाला. विळा त्याच देण्याघेण्यातल्या माणसाचा होता.

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्याच ग्रंथातली दुसरी गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही, आणि आमच्या मते तीच जास्त मोलाची आहे. सोंग त्सु अधिकाऱ्यांना वारंवार बजावतो की प्रेताच्या दुर्गंधीला घाबरून लांब बसू नका. स्वतः जवळ जा, स्वतः पाहा. तुम्ही लांब बसलात की हाताखालची माणसं सांगतील ते लिहाल, आणि ती माणसं लाच खाऊन जखम लपवतील. चीनमध्येही प्रेताला हात लावणारा वेगळाच होता. वूझुओ म्हणत त्याला. समाजात त्याला खालचा दर्जा होता. अधिकारी लांब, खालचा माणूस जवळ. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी चीनमध्ये ज्या सवयीविरुद्ध एक न्यायाधीश लिहीत होता, ती आपल्या नाल्याकाठी अजून रुमाल लावून उभी आहे.

विळ्याच्या गोष्टीत माशीचं नाक कामाला आलं. माशीचं घड्याळ वाचायला मात्र आणखी चारशे वर्षं जावी लागली, कारण त्याआधी एक गैरसमज मोडणं भाग होतं. अळ्या मांसातूनच आपोआप उपजतात, असं जगभर मानलं जाई. अ‍ॅरिस्टॉटलही तसंच मानत होता. आपल्याकडे मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात प्राण्यांची वर्गवारी आहे. त्यात डास, उवा, ढेकूण यांच्याबरोबर माशीलाही घामातून, उष्म्यातून जन्मणारी 'स्वेदज' म्हटलं आहे. जन्मावरून माणसांची प्रत लावणाऱ्या ग्रंथाला माशीचा जन्मसुद्धा नीट कळला नव्हता, एवढं जाता जाता नोंदवून ठेवतो.

१६६८ साली इटलीत फ्रान्सिस्को रेडी या वैद्याने साधा प्रयोग केला. काही बरण्यांत मांस ठेवून तोंड उघडं ठेवलं, काहींच्या तोंडावर झिरझिरीत कापड बांधलं. उघड्या मांसात अळ्या झाल्या. झाकलेल्या मांसात झाल्या नाहीत. माश्यांनी अंडी कापडावरच घातली. एवढंच. पण या एका गोष्टीने तपासाचा पाया बदलला. अळ्या मांसातून आपोआप उपजत असतील तर त्या कधी उपजल्या याला काही अर्थ नाही. त्या बाहेरून येणाऱ्या माशीच्या अंड्यातून होत असतील, तर अंडी घातल्यापासून दिवस मोजता येतात.

हे मोजणं चालतं कसं, तेही सांगतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. चकाकत्या निळ्या-हिरव्या माश्यांना मृत्यूचा वास काही मिनिटांत लागतो. डोळे, नाक, तोंड आणि जखमा अशा ओलसर जागी त्या अंडी घालतात. रात्री सहसा घालत नाहीत. अंडी साधारण दिवसभरात फुटतात. अळी दोनदा कात टाकते, म्हणजे तिच्या तीन अवस्था होतात. अळीच्या मागच्या टोकाला श्वासाची छिद्रं असतात; पहिल्या अवस्थेत त्यांत एक चीर, दुसरीत दोन, तिसरीत तीन. सूक्ष्मदर्शकाखाली चिरा मोजल्या की अवस्था कळते. पोट भरलेली अळी प्रेत सोडून निघते, आसपासच्या कोरड्या मातीत शिरते, तपकिरी कोषात जाते आणि माशी होऊन बाहेर पडते. कोषाची रिकामी टरफलं मातीत राहतात, वर्षानुवर्षं राहतात. अंड्यापासून माशीपर्यंत आपल्या हवेत साधारण दोन आठवडे, उन्हाळ्यात त्याहून कमी.

सगळी मेख हवामानात आहे. ऊब वाढली की अळी भरभर वाढते, गारठ्यात रेंगाळते. विदर्भातल्या मे महिन्यात तीन दिवसांत दिसेल तेवढी अळी महाबळेश्वरच्या डिसेंबरात आठवडा उलटला तरी दिसणार नाही. म्हणून नुसती अळी पाहून वेळ सांगता येत नाही; माशीची जात कोणती आणि त्या दिवसांत त्या जागी तापमान किती होतं, या दोन गोष्टी लागतात. शिवाय हे घड्याळ मृत्यूपासून नव्हे, अंडी घातल्यापासून चालू होतं. प्रेत गोधडीत गुंडाळलेलं असेल, पाण्यात किंवा खड्ड्यात असेल, मुसळधार पाऊस असेल, तर माशीला उशीर होतो. म्हणून तज्ज्ञ "निदान इतके दिवस" असं सांगतो. जो तास-मिनिटं सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पुराव्यासाठी हा हिशेब पहिल्यांदा मांडणाऱ्यांत फ्रान्समधल्या आर्ब्वा गावचे डॉक्टर बर्जरे यांचं नाव घेतलं जातं. १८५० साली एका घराच्या दुरुस्तीत चुलाण्याच्या धुराड्यामागे तान्ह्या मुलाचं सुकलेलं प्रेत निघालं. घरात राहणाऱ्या जोडप्यावर आळ आला. बर्जरे यांनी प्रेतातले कोष आणि अळ्या पाहिल्या आणि सांगितलं की मूल १८४८ मध्येच तिथे ठेवलेलं आहे, म्हणजे हे जोडपं राहायला येण्याआधी. जोडपं सुटलं, संशय आधीच्या भाडेकरूकडे वळला. गंमत अशी की बर्जरे यांचं गणित चुकलेलं होतं. अंड्यापासून माशी व्हायला वर्षभर लागतं अशी त्यांची समजूत होती. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे विज्ञानाचं नाव काढलं की लोक एकतर हात जोडतात किंवा थट्टा करतात. बर्जरे चुकले, पण काय पाहिलं ते सगळं लिहून ठेवून चुकले. म्हणून पुढच्यांना चूक सापडली.

पुढे मेन्यां या लष्करी पशुवैद्याने १८९४ साली एक पुस्तक काढून दाखवलं की उघड्यावरच्या प्रेतावर कीटक आठ लाटांनी येतात. आधी माश्या, मग इतर, शेवटी सुक्या कातड्यावर जगणारे भुंगेरे. कोणती लाट चालू आहे यावरून आठवडे, महिने, वर्षं सांगता येतात.

पशुवैद्य हा शब्द वाचून आम्ही थांबलो. मेलेल्या जनावरावर आधी कोणती माशी येते, मग काय येतं, कातडं कधी सुटतं, हे महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात पिढ्यान्‌पिढ्या कोणाला माहीत होतं? महारवतनाच्या कामांत मेलेलं जनावर ओढणं होतं, गस्त होती, चोराचा माग काढणं होतं, मयताचा सांगावा पोचवणं होतं, सरणाची लाकडं नेणं होतं. म्हणजे मृत्यूची ओळख आणि गुन्ह्याचा माग, दोन्ही एकाच माणसाकडे. आणि त्याच माणसाच्या हाती लेखणी जाऊ द्यायची नाही, अशी व्यवस्था. युरोपात ज्याने पाहिलं त्यानेच लिहिलं. आपल्याकडे ज्याने पाहिलं त्याला लिहिता येऊ दिलं नाही, आणि ज्याला लिहिता येत होतं त्याला जवळ जाण्याचा विटाळ.

इथे कोणी सुश्रुताचं नाव पुढे करील. खरं आहे, सुश्रुतसंहितेत प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून, मऊ झाल्यावर थराथराने आतलं पाहायला सांगितलं आहे. पण त्या वैद्याचं पुढे काय केलंत तेही सांगा. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात वैद्याच्या घरचं अन्न पुवासारखं मानलं आहे. देबीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवलं की शरीराला हात लावून, पाहून शिकणाऱ्या वैद्यांना धर्मशास्त्रकारांनी खाली ढकललं. मधुसूदन गुप्तांनी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शवविच्छेदन केलं तो १८३६ सालचा प्रसंग केवढा गाजला! हात लावणं हीच बातमी होती.

गैरसमज नको म्हणून सांगतो. आम्ही त्या ओढकामाचे गोडवे गात नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ते काम आणि ते मांस सोडायला सांगितलं, ते योग्यच होतं. ज्ञान होतं म्हणून गुलामी चांगली ठरत नाही. प्रश्न एवढाच की काम आपल्या लोकांनी सोडलं, पण प्रेतापासून लांब उभं राहायची वरच्यांची सवय कोणी सोडली?

आता एक मुंबईचा माणूस. बुख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम, मुंबईत शिकलेला पारशी डॉक्टर. इंग्लंडात लँकेस्टरला दवाखाना थाटून त्याने बक रक्स्टन हे नाव घेतलं. गरीब रोग्यांत लोकप्रिय. सप्टेंबर १९३५ मध्ये त्याने पत्नी इझाबेला आणि घरकाम करणारी वीस वर्षांची मेरी रॉजर्सन यांना मारलं. मेरीने बहुधा काही पाहिलं असावं, एवढाच तिचा गुन्हा. डॉक्टर असल्यामुळे ओळख कशाकशाने पटते हे त्याला ठाऊक होतं. त्याने प्रेतांचे तुकडे केले, चेहरे आणि खुणा नष्ट केल्या आणि गाठोडी शंभरेक मैलांवर स्कॉटलंडमध्ये मॉफटजवळच्या घळीत टाकली. २९ सप्टेंबरला ती सापडली. ग्लासगोच्या अलेक्झांडर मर्न्स यांनी त्यांवरच्या अळ्या तपासून सांगितलं, वय बारा ते चौदा दिवस. दोघी शेवटच्या दिसल्या होत्या १४ सप्टेंबरच्या सुमारास. एका गाठोड्याला गुंडाळलेलं वर्तमानपत्र १५ सप्टेंबरचं, तेही लँकेस्टर भागापुरतं निघालेली आवृत्ती. आणि गाठोड्यातल्या एका पोलक्याला बगलेखाली लावलेलं ठिगळ मेरीच्या सावत्र आईने ओळखलं, कारण ते तिनेच लावलं होतं. हजारोंनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या तरी १२ मे १९३६ ला रक्स्टन फाशी गेला.

एका मोलकरणीच्या खुनाचा छडा लावायला प्राध्यापक घळीत उतरले, अळ्या बाटलीत भरून विद्यापीठात नेल्या, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. २९ सप्टेंबर ही तारीख वाचून तुमच्याही मनात आलं असेल. २००६ मध्ये याच तारखेला खैरलांजी घडलं. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची प्रेतं कालव्यात टाकलेली. तिथे प्रश्न अळ्यांचा नव्हता, शवविच्छेदनाचा होता. पहिलं शवविच्छेदन उरकून टाकल्यासारखं झालं, पुरलेली प्रेतं पुन्हा उकरावी लागली, आणि तोवर जे हातचं जायचं ते गेलं. रक्स्टनच्या खटल्यापेक्षा सत्तर वर्षांनी!

माश्यांचा पुरावा फक्त फासावर चढवत नाही. २००१ च्या जुलैत अमेरिकेत लास वेगासला एका बेघर माणसाचं प्रेत रात्री दहाच्या सुमारास कचऱ्याच्या पेटीमागे सापडलं. अठरा वर्षांच्या एका तरुणीला धरलं. ती त्या दिवशी अडीचशेहून जास्त किलोमीटर दूर आपल्या गावी असल्याचं लोक सांगत होते. सरकार पक्ष म्हणाला, पहाटे मारून गावी गेली. ती तुरुंगात गेली. पुढे कीटकतज्ज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला: जुलैच्या उन्हात प्रेत दिवसभर तिथे पडलं असेल, तर जखमांत माशीचं एकही अंडं का नाही? अंडं नाही याचा अर्थ प्रेत दिवसा तिथे नव्हतंच. माणूस मेला तो सूर्य मावळण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर. त्या वेळी ती मुलगी गावातच होती. २०१७ च्या अखेरीस तिची शिक्षा रद्द झाली. न सापडलेल्या अंड्यांनी सोडवलं तिला, पण आधीची सोळा वर्षं कोण भरून देणार?

विषाच्या प्रकरणांतही अळी कामाची. प्रेत इतकं कुजलं की रक्त-आतडी तपासायला उरत नाहीत, तेव्हा प्रेत खाल्लेल्या अळ्यांत विष सापडू शकतं. १९८९ साली हवाईमधल्या एका मृत्यूत अळ्यांतून मॅलाथिऑन हे कीटकनाशक ओळखलं गेलं. ज्या राज्यात फवारणीचं औषध घराघरात आहे आणि "औषध पिऊन मेला" म्हणून कितीतरी मृत्यूंची फाईल बंद होते, तिथे ही माहिती पुस्तकात पडून राहता कामा नये. विष नव्हतं हेही कधीकधी सिद्ध करावं लागतं.

आज कायदा काय म्हणतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं आहे. अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. खून आणि अॅट्रॉसिटीची गंभीर प्रकरणं यात येतात. पण तज्ज्ञ आला आणि त्यानेही वीस पावलांवरून फोटो काढला, तर काय उपयोग?

म्हणून पंचनाम्याला जाणाऱ्या आपल्या पोरांनी काही गोष्टी तोंडी नव्हे, लेखी मागाव्यात. प्रेतावरच्या सगळ्यांत मोठ्या अळ्या आणि वेगवेगळ्या जागच्या अळ्या वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या, कोणत्या जागेवरून घेतल्या ते लिहा. निम्म्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवा, निम्म्या जिवंत ठेवून वाढवा, कारण माशी झाल्याशिवाय जात ओळखणं अवघड. प्रेताखालची आणि आसपासची माती चाळून कोष आहेत का पाहा. जागेचं तापमान नोंदवा, जवळच्या हवामान केंद्राचे मागचे आकडे मागवा. अळ्या नसतील, तर "अळ्या नाहीत, अंडी नाहीत" हेही लिहा. लास वेगासची मुलगी त्याच एका गोष्टीवर सुटली. प्रेत धुण्याआधी हे सगळं व्हायला हवं. साहेब नाही म्हणाले, तर मागणी केल्याचा अर्ज आवक-जावकचा शिक्का घेऊन ठेवा. खटला उभा राहील तेव्हा तो कागद वकिलाच्या कामी येतो.

आणखी एक. शवागारात छाती आणि कवटी उघडणारा हात पुष्कळदा सफाई कामगाराचा असतो, आणि सही डॉक्टरची. त्या कामगाराने रोज प्रेतं पाहिलेली असतात. कोणतं प्रेत किती दिवसांचं हे तो दारातून सांगतो. आम्ही अशा एकाला विचारलं, तुमचं म्हणणं अहवालात कधी लिहिलं गेलं का? तो हसला. म्हणाला, "भाऊ, हातमोजे तरी महिन्याला पुरतील एवढे मागून द्या, मग अहवालाचं बघू." मोज्यांचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला आहे. उत्तर आलं की इथेच कळवू.